उद्याच्या भागाची पंचायत

यंदाच्या अंकाचा विषय ‘प्रेक्षक’ असा मुक्रर झाल्याचे संपादकांचे पत्र आले तेव्हा प्रथम मनात आले ते असे, की नट, दिग्दर्शक, लेखक आणि गायक यांच्यावर आपल्याकडे ग्रंथांचे ग्रंथ सिद्ध झाले असता, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो त्या प्रेक्षकाची कैफियत कोणी फारशी लिहून ठेवलेली नाही. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहातील रसिकाचे वर्णन अधूनमधून वाचावयास मिळते. परंतु ज्या गावात नाट्यगृह नाही, जेथील माणसाचा नाटकाशी आणि चित्रपटाशी असलेला सारा व्यवहार घरातील दूरदर्शनसंचावर आणि खिशातील मोबाइलवर चालतो, तेथे पाहणे, पाहिलेल्याविषयी वाद घालणे आणि उद्या काय घडेल याचा तर्क बांधणे हे कसे चालते, याची रीतसर चौकशी झालेली माझ्या पाहण्यात नाही. ती करावी या हेतूने मी वर्धा जिल्ह्याच्या पूर्व कडेला असलेले गिरड हे गाव निवडले.

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर जाम ही चौफुली लागते. तेथून समुद्रपूर या तालुक्याच्या गावी जावे आणि पुढे गिरडचा रस्ता धरावा. पोळा तोंडावर आला होता. दोन्ही अंगांना कपाशी, सोयाबीन आणि तुरीची वावरे हिरवीगार उभी होती, आणि गाव जवळ येताच दर्ग्याची टेकडी दुरूनच नजरेस पडली. महाराष्ट्रातील आणि मध्य प्रदेशातील यात्रेकरू या टेकडीसाठी गिरडास येतात. माझे काम पायथ्याशी, रस्त्यालगतच्या एका पानठेल्यावर होते.

पानठेल्यावरील साक्षीपुरावा

विदर्भातील पानठेला हे केवळ पान घेण्याचे ठिकाण नव्हे. मालक एका पारदर्शक पन्नीवर सुपारीची कात्रण ओततो, तीवर तंबाखू आणि चुना टाकतो, पन्नीची घडी मिटतो आणि तळहाताच्या दाबाने ती पुढेमागे घोटू लागतो. खर्रा नीट घोटला जाण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाला तेथे उभे राहणे प्राप्त असते. खर्रा ही प्रकृतीस घातक वस्तू आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण त्या सक्तीच्या मुक्कामात जे संभाषण घडते, त्याचे मोल मला मोठे वाटले. मी गेलो त्या सायंकाळी विषय निघाला होता ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा. ती संपून वर्षे लोटली आहेत. तथापि तिचे जुने भाग मोबाइलवर पुन्हा पाहिले जातात आणि त्यामुळे तिचा खटलाही कायमचा निकालात निघत नाही.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. सिंधुदुर्गातील आकेरी गावच्या एका वाड्यात चित्रित झालेली ही मालिका झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. घराचे कर्ते पुरुष अण्णा नाईक यांच्या मृत्यूने तिचा आरंभ होतो, कुटुंब वाड्यात जमते, आणि पुढे जे भयंकर प्रकार घडतात ते भुताखेतांचे की माणसाच्या हातचे, या प्रश्नावर ती ऑक्टोबरपर्यंत प्रेक्षकांना रात्री साडेदहा वाजता जागे ठेवीत राहिली. कोकणाचे असे चित्र रंगविल्याबद्दल तिकडील काही मंडळींनी आक्षेपही घेतला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले, आणि त्यात लेखकांनी एक धाडस केले: कथा पुढे न नेता मागे नेली. ज्यांच्या मरणाने पहिले पर्व उघडले ते अण्णा आता हयात होते. माधव अभ्यंकर यांनी ते उभे केले आणि त्यांची प्रेमिका शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर घरोघरी पोचल्या.

“अण्णा मरनार हे तं आमाले पयलेच माहीत होतं,” हात न थांबवता ठेल्याचे मालक म्हणाले. “मरते कसा आन् कोनाच्या करनीनं, हे पाहाले बसत होतो, भाऊ.”

हे वाक्य मी टिपून घेतले. शेवट ठाऊक असूनही गोष्ट ऐकण्याची गोडी कोठून येते, हा काव्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. रामायणाचा शेवट कोणाला ठाऊक नसतो? कीर्तनास बसलेला श्रोता रावण मरेल की नाही या चिंतेने बसलेला नसतो. या गृहस्थांनी त्याच प्रश्नाचे उत्तर खर्रा घोटता घोटता दिले.

यानंतर जो वाद झाला त्याचे बारकावे सांगण्यापेक्षा, तो ज्या नियमांनी चालतो ते सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते, कारण हे नियम कोणी लिहिले नसताही सर्वांनी मान्य केलेले दिसले. पडद्यावर प्रत्यक्ष दाखवलेले तेवढेच पुरावा म्हणून दाखल होते. जाहिरातवजा दाखवलेला पुढील भागाचा तुकडा, म्हणजे प्रोमो, हा पुरावा नाही. कारण त्यातील थप्पड किंवा लग्न हे पुष्कळदा स्वप्न निघते, आणि या फसवणुकीचा अनुभव सर्वांच्या गाठी आहे. साऱ्या घराने ज्याच्यावर संशय घेतला तो गुन्हेगार नसतो, हे गृहीत. एखाद्या किरकोळ भूमिकेत ओळखीचा नट दिसला तर त्याच्यावर नजर ठेवावी, कारण नामांकित माणसाला निर्माते चहाचा पेला देण्यापुरते बोलावीत नाहीत. हा शेवटचा नियम येथील लोकांनी ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका पाहून बसवला, असे हिंगणघाटास शिकावयास जाणाऱ्या एका तरुणाने मला आवर्जून सांगितले.

त्याच तरुणाने आणखी एक माहिती सभेपुढे ठेवली: ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग यांनी तिचा १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग चित्रणात, मध्ये कोठेही न कापता, पुरा केला होता आणि तो २००४ मध्ये दाखवला गेला. ही गोष्ट खरी आहे. त्यावर एक काकाजी ताबडतोब म्हणाले, “पन त्यानं गोष्ट चांगली झाली का? आमाले कापलेलं दिसत नाई, न कापलेलंई दिसत नाई.” तरुण निरुत्तर झाला नाही. न कापता चित्रण करायचे तर कोण कोठून येणार आणि कोठे थांबणार हे आधी चोख बसवावे लागते, एक जण चुकला तर सारे पहिल्यापासून करावे लागते, आणि त्या धास्तीने नटांच्या चेहऱ्यावर खरा ताण येतो, असे त्याचे म्हणणे. काकाजींनी मान हलवली. पण आपला आक्षेप मागे घेतला नाही.

येथे मला या साऱ्या चर्चेचा कणा सापडला. गिरडच्या ठेल्यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष पडद्यावरच्या जगातच कारणे शोधतो: अमका असा वागला, कारण त्याचा स्वभाव तसा, त्याचे वैर जुने, त्याचा हेतू लपलेला. दुसरा पक्ष पडद्यामागे जातो: नट सोडून गेला, चित्रीकरणाची जागा हातची गेली, प्रेक्षकसंख्या घटली, म्हणून कथा वळली. या दोहोंचा झगडा हाच येथील खरा रोजचा कार्यक्रम आहे, आणि मालिका ही त्याची केवळ सामग्री.

टेकडीवरील गोष्ट आणि तिची दोन उत्तरे

हा झगडा गिरडास नवा नसावा, असे दुसऱ्या दिवशी टेकडी चढताना वाटले. येथे बाबा फरीद या सूफी संताचा दर्गा आहे आणि हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांची माणसे तेथे नवस बोलावयास आणि फेडावयास येतात. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे, काही नारळाचा भास होणारे गोल दगड सापडतात, आणि त्यांची कथा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरातही नमूद आहे: दोन फिरस्ते व्यापारी माल घेऊन या वाटेने चालले होते, त्यांनी संताची थट्टा केली, आणि त्याच्या शापाने सारा माल पाषाण झाला. व्यापाऱ्यांनी लोळण घेऊन क्षमा मागितली तेव्हा संताने सुक्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. त्या सामर्थ्याने चकित होऊन ते दोघे अखेरपर्यंत त्याच्याच सेवेत राहिले.

भूगर्भशास्त्र या दगडांना झिओलाइट जातीची खनिजे म्हणते. दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनले तो थिजत असता त्यात वायूचे बुडबुडे अडकले, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातील क्षारांनी त्या पोकळ्या हळूहळू भरून काढल्या. भोवतालचा खडक झिजला तेव्हा आतील गोळे मोकळे झाले.

मला टेकडीवर सोबत करणारे निवृत्त गुरुजी ही दोन्ही उत्तरे सारख्याच आस्थेने सांगत होते. विज्ञानाचे शिक्षक म्हणून त्यांनी मुलांना लाव्हा शिकवला होता आणि गिरडचे रहिवासी म्हणून नातवंडांना व्यापारी सांगितले होते. कथेविषयी त्यांचे स्वतंत्र मत होते. शापापाशी गोष्ट थांबली असती तर ती लोकांनी इतकी शतके जतन केली नसती, असे ते म्हणाले. सुक्या पानांचा माल झाला, म्हणून ती टिकली. “शिक्षा तर कोणीही लिहील हो, पण शिक्षेनंतर त्या माणसाचं काय करायचं, तिथं लेखकाची परीक्षा असते. आजकालच्या मालिकेत खलनायिका पकडली जाते आणि पंधरा दिवसांनी परत तीच कारस्थानं करते. कारण तिला सेवेत ठेवून घेण्याएवढी ताकद लेखकात नाही.”

कथारचनेवरील इतके नेमके टीकावचन मी अलीकडच्या समीक्षालेखात वाचलेले नाही. आणि ते उच्चारणारा माणूस एकाच वेळी दैवी कारण, भौतिक कारण आणि रचनेचे कारण अशी तीन कारणे मनात बाळगून होता, कोणत्याही दोहोंत त्याला कलह जाणवत नव्हता. ठेल्यावरील दोन पक्ष याच मातीत उगवले आहेत. विदर्भात खडी गंमतीच्या आणि शाहिरीच्या फडांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहून पुराणातील कूट प्रश्न गाण्यातून घालीत, आणि प्रतिपक्षाला त्याचा उलगडा गाण्यातूनच करावा लागे; रात्र संपे तरी प्रश्न संपत नसत. ऐकणारा गाव त्या सवालजवाबांत पंच होता. त्या गावाची नातवंडे आज मालिकेतील खुनाचा उलगडा करीत बसली, तर त्यांनी काही परके व्यसन लावून घेतले असे मी मानीत नाही.

विनोदाची पारख

पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली रांगेने उभे असतात आणि तोरण तुटून पोळा फुटण्याआधी झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे चार-सहा ओळींची यमकबद्ध हजेरी. तीत महादेव-पार्वतीही येतात आणि सरपंच, सावकार, पुढारी, कापसाचे भावही येतात. म्हणणारा एका दमात म्हणतो आणि शेवटी हरहर महादेवाचा गजर होतो. जिच्यावर टीका झाली ती व्यक्ती बहुधा समोरच उभी असते. म्हणून झडतीचा विनोद फार मापात ठेवावा लागतो: बोचला पाहिजे, पण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे बैलजोडी मागावयास जाता आले पाहिजे.

अशा सरावातून आलेला प्रेक्षक ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ पाहतो तेव्हा त्याची कसोटी वेगळी असते. त्यांपैकी पहिल्या कार्यक्रमातील भारत गणेशपुरे हे अमरावतीकडचे, त्यामुळे त्यांच्या वऱ्हाडी बोलण्याचा येथे प्रथम अभिमान आणि मग कसून तपास होतो. मी ऐकलेला तपास असा होता, की गणेशपुरे हसवतात ते बोलीमुळे, की बोलताना चेहरा कोरा ठेवण्यामुळे? ठेल्याचे मालक बोलीच्या बाजूने होते. विरुद्ध बाजूच्या एका कास्तकाराने मोबाइलचा आवाज बंद करून तोच तुकडा सर्वांना दाखवला. माणसे तरीही हसली. मालकांनी तत्काळ हार मानली नाही. आवाज बंद असताही आपल्याला बोली ऐकू येते, कारण हा माणूस कसा बोलतो हे आपण आधीच जाणतो, असा युक्तिवाद त्यांनी केला, आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

पण विनोदाच्या सर्व चर्चा अखेर ज्या चित्रपटापाशी येऊन ठेपतात तो म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’. सप्टेंबर १९८८ मध्ये प्रदर्शित झालेला, वसंत सबनीसांच्या लेखणीतून उतरलेला आणि सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मराठी माणसाला ज्या प्रमाणात तोंडपाठ आहे, त्या प्रमाणात दुसरा कोणता असेल असे मला वाटत नाही; आणि ज्यांचा जन्म त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी झाला अशी मुलेही त्याची वाक्ये बोलण्यात सहज पेरतात. त्याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधील ‘बीवी और मकान’ची, ही माहिती सभेत तत्परतेने दिली गेली, त्यावर “मंग ते काऊन चाललं नाई आन् हे काऊन चाललं?” असा सरळ प्रश्न आला.

उत्तर शोधताना सर्वांनी एकच प्रसंग निवडला: मधुमेहाचे औषध, इस्तंबूल आणि सत्तर रुपये यांचा. तो प्रसंग मी येथे उतरवून देत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे. मला कुतूहल वाटले ते त्याच्या विश्लेषणाचे. तरुणाचे म्हणणे की हसू अशोक सराफांच्या वाक्यावर येते. गुरुजींनी त्याला थांबवले आणि लक्ष सुधीर जोशींकडे वेधले. घरमालक विश्वासराव सरपोतदारांच्या भूमिकेत सुधीर जोशी जो गंभीर, हिशेबी आणि खरोखरच दुखावलेला माणूस उभा करतात, तो तसा नसता तर सराफांची सारी थाप हवेत गेली असती. फसवणाऱ्याचा विनोद फसणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभा असतो. मी स्वतः हा चित्रपट पुष्कळ वेळा पाहिला आहे, आणि गुरुजींचे बोलणे मला पूर्णपणे पटले. सुधीर जोशींना या कामगिरीचे श्रेय जितके मिळावयास हवे होते तितके मिळाले नाही, असे माझेही मत आहे.

कोण कोणाचा सोंगाड्या

‘बनवाबनवी’मध्ये स्त्रीवेषात वावरणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्यावरून बोलणे साहजिकच जुन्या काळाकडे वळले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, म्हणजे १९१३ मध्ये, तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, हे पाठ्यपुस्तकामुळे सर्वांना ठाऊक होते. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे मात्र गुरुजींनी सांगितले तेव्हा काही क्षण कोणाचा विश्वास बसेना. मग लगेच पडद्यामागची शंका निघाली: दोघे एकाच चित्रात समोरासमोर आले असतील तर ते कसे दाखवले असेल? एकाने सुचवले की तशी वेळच येऊ दिली नसेल. हरणानंतर राम एकीकडे आणि सीता लंकेत, ही कथाच अशा तडजोडीस अनुकूल. कथेच्या गरजेने निर्मितीची अडचण सुटली असावी, हा तर्क मला फार चतुर वाटला. तो सिद्ध करण्यास आज साधन नाही, असे सांगून गुरुजींनी तो प्रश्न दप्तरी ठेवला.

सेवाग्राम याच जिल्ह्यात असल्यामुळे एक वाद येथे हटकून निघतो: महात्माजींनी चित्रपट पाहिला होता काय? तरुणाचा दावा होता की त्यांनी जन्मात एकच चित्रपट पाहिला, तो ‘रामराज्य’. गुरुजींनी दुरुस्ती केली. विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ गांधीजींनी १९४४ मध्ये, तुरुंगातून सुटल्यावर जुहूस विश्रांती घेत असता पाहिला हे खरे. शोभना समर्थ त्यात सीता होत्या. पण त्याच मुक्कामात त्यांना ‘मिशन टू मॉस्को’ हा इंग्रजी चित्रपटही दाखवण्यात आला होता. तेव्हा ‘पाहिलेला एकमेव भारतीय चित्रपट’ असे म्हणावे, नुसते ‘एकमेव’ म्हणू नये. एका विशेषणासाठी घातलेला हा वाद कोणाला क्षुल्लक वाटेल. मला वाटला नाही. ऐकीव गोष्ट चारचौघांत बोलताना तिच्यावर एवढी हद्द घालून घेण्याची शिस्त जेथे पाळली जाते, तेथे माणसे सत्याची कदर करतात.

वावरातील दुसरी सभा

आतापर्यंत जे लिहिले ते पुरुषांच्या सभेचे. बायका पानठेल्यावर उभ्या राहत नाहीत. त्यांची सभा वावरात भरते आणि तिचे कामकाज हाताला खंड न पाडता चालते. कपाशीच्या निंदणास आलेल्या बाया एका ओळीने बसून, तासातासाने पुढे सरकत, तण उपटून मागे टाकीत होत्या. आदल्या रात्री गावात वीज गेली होती. ज्यांच्या घरी मोबाइलवर भाग पाहणे जमले त्यांनी तो इतरांना सांगावयाचा, असा शिरस्ता.

सांगणारी मावशी नुसता वृत्तांत देत नव्हती. सासू बोलली की तिचा आवाज चढे, सून बोलली की उपटलेले तण हातात तसेच राही. जाहिरातीच्या जागी ती थांबे आणि शेजारणीला पाणी मागे. एके ठिकाणी एकीने अडवले: “असं थोडीच बोलली असंन थे? थे तं मास्तरीन हाये.” मावशीने क्षणभर विचार केला आणि वाक्य बदलून पुन्हा म्हटले. दुरुस्त झालेले वाक्य अधिक साजेसे होते. मालिकेत प्रत्यक्ष काय बोलले गेले हे मी नंतर पाहिले. ते या दोन्हींहून फिके होते.

या सभेत अजूनही जिचे नाव निघते ती राधिका. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ पर्यंत चालली. नागपूरकडची, मुंबईत संसार करणारी, बोलीमुळे नवऱ्याला गावंढळ वाटणारी राधिका पुढे मसाल्यांचा उद्योग उभारते. आणि आपल्यासारखी बोलणारी बाई रोज रात्री आठ वाजता मुख्य भूमिकेत दिसते, याचे अप्रूप या भागात किती होते हे मुंबईतील निर्मात्यांना कितपत कळले असेल, कोण जाणे. भूमिका करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या. राधिकेच्या बोलण्यात कोठे कोठे खोट आहे याची संपूर्ण यादी निंदणातील बायांपाशी आहे, आणि तिच्यावर त्यांची माया आहे तीही संपूर्ण आहे.

त्याच मालिकेतील शनायाचा, म्हणजे राधिकेच्या नवऱ्याच्या प्रेयसीचा, मामला अधिक गुंतागुंतीचा. ही भूमिका प्रथम रसिका सुनील यांनी केली, नंतर ईशा केसकर यांनी, आणि २०२० मध्ये पुन्हा रसिका सुनील आल्या. मुद्दा असा मांडला गेला, की मधल्या काळातील शनायाने जी पापे केली त्यांचा जाब परत आलेल्या शनायाला विचारावा काय? एका पोरीने हसून सांगितले, की नटी शिकावयास परदेशी गेली म्हणून बदलली, त्यात शनायाचा काय संबंध. तिला मावशींनी दिलेले उत्तर मी शब्दशः देतो: “नटी गेली थे तिच्या घरचं. शनाया कुठी गेली होती? थे तं इथंच होती ना बाप्पा, आमच्या डोयासमोर.”

ठेल्यावरचे दोन पक्ष येथे एका वाक्यात भेटले. पडद्यामागचे कारण मावशींना पूर्णपणे ठाऊक होते आणि मान्य होते. आणि ते मान्य करूनही पात्राची जबाबदारी त्यांनी माफ केली नाही.

मोजदाद

या सभांचे मत निर्मात्यापर्यंत पोचते काय? मालिका कशी बनते याचा विचार केला पाहिजे. आठवड्याला सहा भाग, प्रत्येक सुमारे बावीस मिनिटांचा, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत उरकला जातो. काही भाग आगाऊ चित्रित करून ठेवावे लागतात, त्यास त्या धंद्यात बँक म्हणतात. ती बँक रिकामी होऊ लागली की आज लिहिलेले उद्या चित्रित होते आणि परवा दिसते. मार्च २०२० मध्ये महामारीने चित्रीकरण थांबले तेव्हा ही शिल्लक पाहता पाहता संपली आणि वाहिन्यांवर जुने भाग आले. त्याच मार्चच्या अखेरीस दूरदर्शनने १९८७ चे ‘रामायण’ पुन्हा दाखवावयास घेतले. अशा घाईत कथा कोणत्या दिशेस वळवावी, हे ठरविण्यास आधार एकच: दर आठवड्याचे प्रेक्षकसंख्येचे आकडे.

आणि हे आकडे दीर्घ काळ शहरांचेच होते. खेड्यांतील घरे मोजणीत आलीच नव्हती. ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भागाचे आकडे देण्यास आरंभ केला. निवडलेल्या घरातील संचाला एक यंत्र जोडतात, कार्यक्रमाच्या ध्वनीत मिसळलेली, कानास न जाणवणारी खूण ते ओळखते, आणि संचासमोर बसताना घरातील प्रत्येकाने आपापले बटण दाबावयाचे असते. देशभर अशी घरे पन्नास हजारांच्या वर आहेत आणि ती कोणती, हे गुप्त ठेवले जाते. मोबाइलवर पाहिलेला भाग या यंत्रास दिसत नाही. वीज गेलेल्या रात्री वावरात कानांनी पाहिला गेलेला भाग तर मुळीच दिसत नाही. संच किती वेळ चालू होता हे यंत्र सांगते. समोर बसलेली माणसे लेखकावर रागावली होती की त्याला दाद देत होती, ही नोंद करण्याची त्यात तजवीज नाही, आणि ती नसल्यामुळे, रागावूनही पाहत राहणाऱ्या प्रेक्षकाला निर्माते संतुष्ट समजतात. आपल्या मालिका आहेत तशा का आहेत याची कारणमीमांसा करताना मी या एका गोष्टीस फार वजन देतो.

निंदणातील बायांना मी हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, आणि मग मावशी म्हणाल्या की यंत्राचे राहू द्या, तुम्ही लिहिणारे आहात, तुमच्या ओळखीचे तिकडे कोणी असतील, तर आमचा एक निरोप द्या. माझी ओळख कोणाशी नाही, पण दिवाळी अंक मुंबईसही जातो, म्हणून तो निरोप येथे पोचता करीत आहे: “बाई एवढी हुशार दाखवता, धंदा करते, कोर्टात बोलते, मंग दर दोन महिन्याले थे दाराआड उभी राहून अर्धंच बोलनं ऐकून काऊन पयते? पूर्न ऐकू द्या तिले. पुढचं आमी पाहून घेऊ.”